दातांची बाई

माझी मुलगी एक शनिवार सोडून एक शनिवार दवाखान्यात यायची आणि तेवढ्या आशेवर मी मधले दिवस ढकलायची. गोडगोड बोलायची मला सवय नाही, तेव्हा सरळच सांगते. दात हे निमित्त होतं. दात सरळ झाले की निमित्त संपणार होतं, आणि मेले ते दात भराभर सरळ होत होते.

मी आमच्या बेटावरच्या ग्यान्यार गावात डॉक्टर मेलानींच्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. खुर्ची पुसायची, हत्यारं वाफेवर काढायची, पेशंटच्या तोंडात थुंकी ओढायची नळी धरायची आणि घाबरलेल्याला दटावायचं, हे माझं काम. दटावण्यात माझा हात कुणी धरणार नाही. माझं नाव लुह सुमेर्ती. मधली बरीच वर्षं मात्र मी जेरो सांदत होते. साध्या घरची मुलगी राजघराण्यात दिली की तिचं नाव पुसून तिला फुलाचं नाव देतात आणि पुढे जेरो लावतात. त्या दिवसापासून सख्खी आईसुद्धा तिला अहो-जाहो करते. माझी करायची. आणि मी माझ्या पोटच्या पोरीला करायची, कारण ती जन्मानंच बापाच्या पायरीवरची आणि मी मागाहून चढवून घेतलेली. पोर पाळण्यात भोकांड पसरून रडतंय आणि मी म्हणतेय, ‘रडू नका गुंग, दूध घ्या.’ आता आठवलं की हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

तिचं नाव दियाह, पुढे राजघराण्यातल्यांना लावतात ते गुंग. ती मला बियांग म्हणायची. पुरीत, म्हणजे ती राजघराण्यातली माणसं राहतात त्या आवारात, आईला बियांग म्हणतात. आमच्या साध्या घरांत मेमे. पुरीत कुठे ‘मेमे’ ऐकू आलं तर समजावं, मागच्या दारी मोलकरणीचं पोर आलंय.

मग तिच्या बापानं दुसरी आणली. त्यांच्यात आणतात. बाकीच्या बायका गप्प बसतात, दोघी-दोघी गुण्यागोविंदानं राहतात. माझा राग नाकावर. मी म्हटलं, ती तरी राहील नाहीतर मी तरी. त्यांनी फार विचार केला नाही. आमच्याकडे बाई घर सोडते तेव्हा एकटीच सोडते. मूल बापाचं, बापाच्या देवांचं. भावानं देवापुढे मला रीतसर परत घेतलं, पश्चिमेच्या अंगाची एक खोली दिली, भावजयीनं तोंड वाकडं केलं, आणि मी पुन्हा लुह सुमेर्ती झाले. गल्लीतल्या निम्म्या बायका अजून जेरो म्हणतात, काही सवयीनं, काही टोमणा म्हणून.

पुरीत जायला मला बंदी नव्हती. पण जायचं तर खालच्या पायरीवर बसायचं, आणि आपल्याच पोरीकडे खालून वर बघत ‘बऱ्या आहात ना’ असं विचारायचं. एकदोनदा केलं. पुढे पाय उचलेना.

याहून वाईट एक गोष्ट आहे, तीही सांगून टाकते. उद्या मी मेले तर माझ्या प्रेताला तिला हात जोडता यायचे नाहीत. वरच्या घरच्यानं खालच्या घरच्याला जोडायचे नसतात, मग ती आई का असेना. कधीकधी भर दुपारी जेवता जेवता हे आठवतं आणि मी हातातला घास परत पानात ठेवते.

तर तिचे दात. वरचा सुळा शेजारच्या दातावर चढून बसलेला होता. हसली की गोड दिसायचा, आमच्याकडे तो कुणाला खटकतही नाही. पण पुरीत तिच्या दातांना कानस लावायचं घाटलं. लग्नाआधी आमच्यात प्रत्येकाच्या वरच्या सहा दातांना कानस लावून ते एका ओळीत आणतात. त्यानं आतले सहा शत्रू बोथट होतात, काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. माझ्याही दातांना लावली होती. क्रोधाच्या वेळी पुजाऱ्याचा हात घसरला असणार. तर पुजाऱ्यांनी पोरीचं तोंड उघडून बघितलं आणि म्हणाले, हा सुळा ओळीतच नाही, याला कानस लावू कुठून? आधी दात नीट करून आणा.

दातांना तार लावायला माझी थोरली नणंद, गुंग राका, तयार होईना. गुंग दियाह देवळात नाचायची. सोन्याच्या मुकुटाखाली लोखंडी तार चमकली तर पुरीची काय शोभा राहील? म्हणून अलायनर ठरले. पारदर्शक, पातळ, दातांवर कवच बसावं तसे बसणारे. जेवताना काढायचे, बाकी दिवसरात्र घालायचे. दोन आठवड्यांनी नवी जोडी, दाताला आधीपेक्षा केसभर पुढे ढकलणारी. नणंद तिला देनपासार शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायला निघाली होती. पण पोर अडून बसली. गावातल्या दवाखान्यात जाईन, नाहीतर सुळा आहे तसाच राहू दे म्हणाली. हट्ट कुणाचा घेतलाय हे मी सांगायला नको.

इतर पेशंटांना डॉक्टर पुढच्या तीन-चार जोड्या एकदम देऊन टाकतात. मी म्हटलं, हिला एकेकच द्या. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग कुणी विचारलेलं नसताना मोठ्यानं म्हणाल्या, कोवळं वय आहे, लक्ष ठेवायला हवं. देव त्यांचं भलं करो.

शनिवारी ती शाळेतून परस्पर यायची. डॉक्टर दात बघायच्या, मी नवी जोडी तिच्या दातांवर अंगठ्यांनी दाबून बसवायची, आणि ती तोंड वेडंवाकडं करायची, कारण नवी जोडी पहिल्या दिवशी आवळते. नीट बसली की काढून परत डबीत, कारण भूक लागलेली असायची. दवाखान्याच्या मागे औषधांची खोली आहे. तिथे आम्ही दोघी जमिनीवर बसून केळीच्या पानात बांधलेला भात खायचो. मूठभर भात, कोंबडीचा कीस आणि डोळ्यांत पाणी आणणारी मिरचीची चटणी. एकाच पानात. पुरीत असताना मी तिच्याबरोबर कधी जेवले नव्हते. ती आधी जेवायची आणि तिचं उष्टं मी खायची, ती रीत. इथे ती माझ्या पानातला, मी चिवडलेला भात बोटांनी ओढून घ्यायची आणि चाटूनपुसून खायची. कुणी बघितलं असतं तर प्रायश्चित्त निघालं असतं. मी दाराला कडी लावून घ्यायची.

एकदा खाता खाता तिला ठसका लागला आणि ती म्हणाली, ‘पाणी दे ना, मेमे.’ मी नळाकडे तोंड करून बराच वेळ पेला भरत राहिले. नव्या बाईला बियांग म्हणायचं, असं घरी तिला शिकवलं होतं. दोघींना एकच हाक कशी मारायची, म्हणून पोरीनं माझ्यासाठी ही शोधून काढली. मोलकरणीच्या पोराची हाक. मला ती इतकी आवडली की लाज वाटली. त्या दिवसापासून मीही तिला अगं-तुगं करायला लागले.

जुनी झालेली जोडी मी ठेवून घ्यायची. नवी हरवलीच तर मागची घालावी लागते, म्हणून मागची जपून ठेवा असं दवाखानाही सांगतो. पण दवाखाना एकच ठेवायला सांगतो. मी सगळ्या ठेवल्या, बिस्किटांच्या लाल पत्र्याच्या डब्यात. अशा डब्यात आमच्याकडे कुणाच्याच घरी बिस्किटं नसतात, तळलेले तांदळाचे पापड असतात. भावजयीनं एकदा पापड खायला म्हणून झाकण काढलं आणि आत दातच दात बघून किंचाळली. मी हसले. ते हसणं मला महागात पडायचं होतं.

संध्याकाळी कामावरून आले की मी त्या जोड्या चटईवर ओळीनं मांडायची. पहिलीत सुळा दातावर चढलेला. मग उतरायला लागलेला. मग शेजारच्याला खांदा देऊन उभा. पोर मोठी होताना मला बघायला मिळाली नाही, तिचे दात तेवढे सरकताना बघितले. मांडता मांडता मी काहीबाही बोलत असेन. एकटं राहणारं माणूस बोलतंच.

हे भावजयीनं दारातून बघितलं आणि बाजारात सांगितलं. बाजारातून ते पुरीत जायला किती वेळ लागतो? त्यात पोरीचा नाचताना पाय मुरगळला आणि मग ताप आला. पुरीतल्यांनी देवऋषीला विचारलं. तो म्हणाला, हिच्या अंगचं काहीतरी पश्चिमेच्या एका घरात आहे.

नणंद दवाखान्यात आली ती शनिवारी नाही, मधल्याच वारी. ती माझ्यावर पहिल्यापासून दात धरून होती. तिच्या भावाला माझ्यासारखी बाजारातली तोंडाळ पोरगी आवडली हे तिनं कधी पचवलंच नाही. पेशंटांच्या बाकावर ती बसली नाही. उभीच राहिली, तोंडात साखर घोळवत. पूर्वी जेरो म्हणायची, आता लुह म्हणाली.

‘तिच्या तोंडातलं ते सगळं तुला कशाला हवं, लुह?’

मी म्हटलं, ती दवाखान्याची वस्तू आहे.

‘दवाखान्याची आहे तर दवाखान्यात का नाही?’

उत्तर आलं नाही की माझा आवाज चढतो. मी म्हटलं, ‘सरळ म्हणा ना, मी करणी करते म्हणून. पोटच्या पोरीवर.’

‘तो शब्द मी काढला नाही,’ नणंद म्हणाली. ‘तू काढलास.’

मी दात-ओठ खात उभी राहिले. बाकावरचे पेशंट आपापल्या फोनमध्ये बघत होते आणि सगळ्यांचे कान आमच्याकडे होते. नणंदेनं अगदी हळू आवाजात दोन वाटा सांगितल्या. एक तर तो डबा पुरीत द्यायचा. कानस लावताना दातांचा जो भुगा थुंकतात तो नारळात धरून पूर्वजांच्या देवळामागे पुरतात, त्याच नारळात हेही जाईल, कुणाच्या हाती लागणार नाही, आणि कुणी काही बोलणार नाही. नाहीतर उरलेल्या सगळ्या जोड्या आत्ता एकदम तिच्या हवाली करायच्या. मग पोरीला इथे यायची गरज नाही.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय बोलणार? शनिवार वाचवायचे तर डबा द्यायला हवा होता. मी कबूल केलं. पण फुकट नाही. मी म्हटलं, देते, पण माझ्या हातानं नारळात घालीन, कानस लावायच्या दिवशी, तिच्या उशाशी उभी राहून.

‘उशाशी घरची माणसं असतात.’

‘मग पायथ्याशी,’ मी म्हटलं. त्यासाठी मी दाताच्या कण्या केल्या, हे मला इथे सांगायलाही बरं वाटत नाही. नणंद विचारून सांगते म्हणाली आणि गेली. पुढच्या शनिवारी पोरच निरोप घेऊन आली. पायथ्याशी चालेल. तिला इतका आनंद झाला होता की तिनं त्या दिवशी भाताची आणखी एक पुडी सोडली. ताप उतरला होता. करणीचं तिला कुणी सांगितलं नव्हतं, मीही सांगितलं नाही.

उरलेले शनिवार असे गेले की काही समजलंच नाही. सुळा ओळीत आला. दातांना पकड मिळावी म्हणून चिकटवलेले बारीक पांढरे उंचवटे डॉक्टरांनी घासून काढले आणि तिनं जीभ फिरवून बघितली. शेवटची जोडी कानस लावेपर्यंत घालून ठेव म्हणाल्या. दात मोकळे सोडलेस तर घसरतील. रिटेनर, म्हणजे दात आहेत तिथेच धरून ठेवणारी शेवटची कवचं, कानस लावल्यावर नव्यानं माप घेऊन करायची, कारण दातांचा आकार थोडा बदलणार. मी मनातल्या मनात हिशेब केला: मापाला एकदा येईल, रिटेनर न्यायला एकदा येईल. त्यापुढे काही नाही.

कानस लावायच्या दिवशी मी पहाटेच न्हाऊन, चांगला झगझगीत पोशाख पेटीतच ठेवून, साधी लेस लावलेली केबाया, म्हणजे आमची लांब बाह्यांची चोळी, घातली. पाहुणी म्हणून जायचं तर पाहुणीसारखं जावं. डबा मांडीवर घेऊन भावाच्या स्कूटरवर मागे बसले. पुरीत सगळीकडे ताडाच्या पानांची तोरणं, फुलं, डुकराच्या मटणाचा वास, गामेलानच्या झांजा-घंटांचा गलका. ज्या आवारात मी पोर वाढवली तिथल्या एका पोरसवदा मुलीनं मला पाहुण्यांची खुर्ची दाखवली आणि पाण्याचा पेला दिला. ती मला ओळखत नव्हती. तिचा काय दोष?

मग बोलावणं आलं. मधल्या उघड्या मंडपात पलंग मांडलेला, पिवळ्या कापडानं झाकलेला. माझी पोर त्यावर आडवी, डोक्यात सोन्याची फुलं, अंगावर पिवळं-पांढरं वस्त्र, आणि चेहरा एवढासा झालेला. उशाशी तिचा बाप, नणंद, आणि नवी. नवी वयानं लहान आहे, वाईट नाही. माझ्याकडे बघून तिनं मान लववली. मी पायथ्याशी उभी राहिले आणि डब्यातल्या जोड्या नारळात घालायला लागले. नारळ भरला. दुसरा आणावा लागला. बघणाऱ्या बायका हसल्या, आणि खरं तर हसण्यासारखंच होतं. डबा रिकामा झाला तेव्हा हाताला फार हलका लागला.

पुजाऱ्यांनी मंत्र म्हटले आणि कानस हातात घेतली. दातांत धरायला उसाचं पेर पुढे केलं. तेव्हा तिला धडकी भरली असावी. डोळे गच्च मिटून तिनं हात बाजूला लांब केला आणि म्हणाली, ‘बियांग.’

माझे पाय आधी निघाले, डोकं मागाहून. त्या हाकेला मी किती वर्षं उठले होते. भरल्या पानावरून उठले होते, तापात उठले होते, नवऱ्याशी भांडताना अर्ध्या वाक्यावरून उठले होते. मी पलंगाच्या मध्यापर्यंत गेले, हात पुढे केला, आणि बघितलं तर तिचा हात नवीच्या हातात होता. हाक तिलाच होती. रोज घरात जी असते तिलाच हाक जाते, यात चुकलं कुणाचं?

ज्या जागी घरच्या माणसांनी उभं राहायचं त्या जागी मी हात पसरून उभी होते. नणंदेची नजर माझ्या पाठीला लागलेली मला कळत होती. पोरीनं डोळे उघडले. मला बघितलं, माझा हात बघितला, नवीला बघितलं. आणि तिला काय झालं ते सगळं समजलं. तिचं तोंड असं झालं की मला तिच्या पाळण्यातलं तोंड आठवलं. आता ही रडणार, सगळ्या पुरीसमोर, कानस लावायच्या पलंगावर रडणार, आणि लोक जन्मभर तिला ते ऐकवणार.

मी हाताची ओंजळ केली. ‘गुंग, अलायनर द्या इकडे,’ मी म्हटलं. दवाखान्यातल्या आवाजात, अहो-जाहो करून. ‘ते तोंडात असताना कानस लावता यायची नाही.’

मग तिनं नवीच्या हातातला हात सोडवला, जोडी काढली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मागे कुणीतरी विचारलं, ही कोण? ‘दातांची बाई,’ दुसरीनं सांगितलं. मी ती जोडी नारळात टाकली आणि मागे येऊन पायथ्याशी उभी राहिले.

कानस लागली, ती थुंकली, आरशात बघून मान हलवली. सहाही दात एका ओळीत होते. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला आणि जेवायला न थांबता मी निघाले. घरी भावजयीनं विचारलं, जेवणात काय काय होतं? मी म्हटलं, सगळं होतं.

मला पोरीचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, रागाशी मला वागता येतं.

मापाला ती नवीबरोबर आली. नवी खुर्चीशेजारीच बसून राहिली. मागच्या खोलीत मी भात आणून ठेवला होता, तो संध्याकाळी कुत्र्यांना घातला. रिटेनर न्यायला आली त्या दिवशीही नवी होती, पण फोन आला म्हणून बाहेर व्हरांड्यात गेली.

डॉक्टरांनी रिटेनर बसवून बघितले, काढून डबीत ठेवले. म्हणाल्या, आता काही दिवस दिवसरात्र आणि मग फक्त झोपताना. इथे येत राहायची गरज नाही, वर्षाकाठी एकदा दाखवून गेलीस तरी चालेल.

‘आणि नाही घातले तर?’ पोरीनं विचारलं.

‘तर दात परत आपल्या जुन्या जागी जातात. फार हट्टी असतात ते.’

‘मग काय करतात?’

‘मग काय, सगळं पुन्हा पहिल्यापासून,’ डॉक्टर हसल्या आणि हात धुवून शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्याकडे गेल्या.

पोर उठून बसली. डबी तिनं उघडली नाही. तशीच दप्तरात टाकली, खाली, पुस्तकांच्याही खाली, आणि चेन लावली. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, ‘मी फार विसरते, मेमे. रात्री तर नेहमीच विसरते.’

विसर, असं मनात आलं. विसर बाई, खुशाल विसर. सुळा परत चढू दे. परत दर दोन आठवड्यांनी ये, कडी लावून बसू, भात खाऊ. ती वाट बघत होती. माझ्या तोंडून फक्त एक शब्द यायला हवा होता, किंवा तोही नको, मी नुसतं गप्प राहिले असते तरी पुरलं असतं. आणि मला दिसायला लागलं ते वाकडं झालेलं तोंड, कानस लावलेले दात पुन्हा एकावर एक, पुरीत नणंद तिला काय काय ऐकवील ते, आणि ही सगळं आपल्यावर घेऊन गप्प बसेल ते. माझीच मुलगी, पण गप्प बसणं तिनं माझ्याकडून घेतलेलं नाही.

‘डबी काढ,’ मी म्हटलं.

‘घरी गेल्यावर घालते.’

‘आत्ता घाल. माझ्यासमोर.’

तिनं दप्तर उघडलं. रिटेनर हातात घेऊन ती बसून राहिली, आणि तिचे डोळे भरून आले.

‘मग घरी काय सांगू? कशाला जाते म्हणून सांगू?’

आईला भेटायला जाते, एवढं साधं उत्तर होतं. पण ते घेऊन तिला त्या पायऱ्या चढायच्या होत्या, मला नव्हे. मी तिच्या हातातून वरचं कवच घेतलं, तिचं तोंड उघडलं आणि दोन्ही अंगठ्यांनी ते दाबून बसवलं. हातमोजे घालायचे राहिले होते. मग खालचं बसवलं. टक् करून बसलं, कुठे फट नाही, कुठे टोचत नाही. व्हरांड्यातून नवीनं हाक मारली. पोरीनं बाहीनं डोळे पुसले, दप्तर घेतलं आणि गेली.

मी दारापर्यंत गेले नाही. म्हातारा कण्हत होता, त्याला दटावलं, नळी धरली. रोज रात्री झोपण्याआधी घालायची सवय मीच तिला लावलीय, दटावून दटावून. ती विसरायची नाही.